डावी कड

सी फॉर्म मीच भरला त्याचा,
तालमीच्या माडीवर, कॅरमच्या फळीवर कागद ठेवून.
पूर्ण नाव: कोसी आग्बेको.
वय एकतीस. तेहतीस असावं, मी उकरलं नाही.
व्यवसाय: विंगर. खोडलं. खेळाडू.
राष्ट्रीयत्व:
इथं रकाना एकच, बोटभर.

त्यानं पिशवीतनं दोन पासपोर्ट काढले,
दोन्ही हिरवे, दोन्हींत तोच उपाशी चेहरा.
आईचं घर लोमेत, टोगोला.
बापाचं आफ्लावला, घानात.
मधे एक फाटक.
शाळेला अलीकडं, जेवायला पलीकडं.
"म्हणजे आमचं कागल-निपाणी," मी म्हणालो.
त्याला निपाणी काय ठाऊक.
तरी मान हलवली, पाहुण्यानं हलवावी तशी.

मी दोन्ही देश लिहिले, मधे तिरकी रेघ.
पोलीस मुख्यालयातल्या डवरीबाईंनी कागद परत फिरवला.
"व्हिसा कुठल्या पासपोर्टवर हाय? तेवढंच लिवा.
माणूस एक, देश एक."
चारच्या चहाआधी पुन्हा लिहिला.

कोसी म्हणजे रविवारी जन्मलेला.
"मग जोतिबाचंच पोर की," म्हणाली खानावळीची हौसाक्का
आणि बोटभर गुलाल लावला त्याच्या कपाळाला.
दुसऱ्या दिवसापासनं अख्खी पाणंद गल्ली त्याला
आयतवार म्हणायला लागली.
तांबडा-पांढरा पुढं ठेवून कुणीतरी म्हणालं,
"बघ, तुझे दोन देश."
तो हसला नाही. तांबड्याची वाटी सरकवून
पांढरा तेवढा प्याला, तीन वाट्या.

क्लब सांगायचा तो कंडक्टर थांबे सांगतो तसे:
कोटोनू. मग माल्टा, सगळा हिवाळा बाकावर.
ढाका, तीन महिने पगार थकला.
आयझॉल, चेंडू बाहेर गेला की दरीत.
मालदीव, मैदानाच्या चारी कडांना समुद्र.
एकदा टोगोनं बोलावलं, विशीच्या आतल्यांत. गुडघा गेला.
घानाला त्याच्यासारखे शंभर.
"मग दोन्ही कशाला सांभाळतोस?"
"फोन कुठनं येईल सांगता येत नाही."
एकतीस, किंवा तेहतीस.

पण फेब्रुवारीच्या उन्हात शाहू स्टेडियमवर
डावीकडनं तो निघाला
की पायऱ्या उठून उभ्या राहायच्या,
हलगी ताल सोडून नुसतीच वाजायची.
चुन्याच्या रेघेवरनं पळायचा बुवा, रेघेवरनंच,
डाव्या बुटाचं टोक पांढरंफटक.
समोरचा बॅक ओरडायचा: बाहेर! बाहेर!
निशाण खालीच.
"चेंडू अख्खा पलीकडं गेला पाहिजे, सेक्रेटरी," मला सांगायचा,
"जरा जरी रेघेवर आहे, तरी आत."

उपांत्य सामना. ऐंशीवं मिनिट.
त्याच रेघेवर मांडी धरून बसला.
कुणी हातही लावला नव्हता.
"उठ की रं आयतवार," एक म्हातारा,
शेजाऱ्याला हाक मारावी इतक्याच आवाजात.
उठला नाही. उचलला.
पेनल्टीत हरलो आम्ही.
रात्री माडीवर बर्फ लावत त्यानं विचारलं,
भूतानात लीग असते का, कोणत्या महिन्यात.

वर्गणी कमी पडली. त्याचे अठरा हजार
अजून तालमीकडं येणं आहेत.
हे कवितेत लिहू नये. वहीतही
कुणी लिहिलेलं नाही, म्हणून इथं.

परवा पापाची तिकटीला चप्पल टाचायला गेलो
तर महादबा सातपुतेच्या दुकानात, खिळ्याला,
त्याचे बूट.
डाव्याचा तळ नवा, वादीनं शिवलेला, पक्का,
टोकाला अजून चुना.
"पैसे आधीच देऊन गेलाय," महादबा म्हणाला,
"न्यायला कोण येणार, तेवढं इचारून सांगा."

माझ्याकडं त्याचे दोन नंबर आहेत.
एक लागत नाही.
दुसऱ्यावर एक बाई कुठल्यातरी भाषेत
बराच वेळ काहीतरी विचारते
आणि मी मराठीत सांगतो,
बूट झालेत.